चढावरचा हीटर

त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. शववाहिका चालवणाऱ्याला लोकांनी 'सुसाट' म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. गाडीत कोणी चढायला लागलं, कोणी उतरायला लागलं, की तो तेवढा एकच शब्द बोलायचा: "सावकाश." मागे झोपलेल्याला घाई नसायचीच.

गाडी प्लग-इन हायब्रिड होती. म्हणजे काय, हे त्याने इतक्या जणांना सांगितलं होतं की आता सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा उडत नसे. "दोन्ही आहे. भिंतीला लावून ठेवली की विजेवर चालते, वीज संपली की पेट्रोलवर. नाही, मध्येच बंद नाही पडत. नाही, शॉकही बसत नाही." रडून रडून डोळे सुजलेली माणसं एवढं सगळं नीट ऐकून घ्यायची आणि मग हमखास विचारायची, "ॲव्हरेज किती देते?" माणसाच्या जातीपुढे हात टेकले बुवा!

मालकिणीने ही गाडी घेतली ती आवाज नाही म्हणून. स्मशान टेकडीवर होतं. शेवटच्या चढावर माणसं गाडीच्या मागून चालत यायची, आणि जुनी डिझेल गाडी त्या चढावर अशी काही खोकायची की आतल्याच्या आधी हिचंच आटोपतंय की काय असं वाटावं. नवी गाडी वर जाताना चालणाऱ्यांच्या चपलांचाही आवाज ऐकू यायचा. मालकिणीने लगोलग कचेरीच्या काचेवर 'निःशब्द निरोप' असं रंगवून घेतलं. रंगवायला काय जातंय? तो निःशब्दपणा सांभाळायचा होता सावकाशच्या उजव्या पायाने.

आणि त्याने तो सांभाळला, देवाशपथ सांभाळला. गावातून जाताना तो वीज राखून ठेवायचं बटण दाबायचा, म्हणजे तिथे पेट्रोल जळायचं आणि बॅटरी चढासाठी शिल्लक राहायची. मग नदीकडे जाणारा लांब उतार. तिथे ब्रेकवर पाय असा अलगद ठेवायचा की धक्का म्हणून बसू नये. असं हळूहळू थोपवलं की ही गाडी उताराचीच वीज करून बॅटरीत परत भरते. पूल ओलांडला, चढ लागला, की नुसती वीज. हीटरला तर तो हातच लावत नसे, कारण ह्या गाडीला ऊब मिळायची ती इंजिनातून. हीटर सोडला की इंजिन जागं व्हायचं. कडाक्याच्या थंडीत बरोबरच्या लोकांना तो मुकाट्याने शाली वाटायचा. चार्जिंगची केबल कधी वेटोळं करून ठेवायचा नाही, वेटोळ्यात ती तापते. काम नसलं की मुद्दाम पेट्रोलवर एक फेरी मारून यायचा, कारण टाकीत पडून पडून पेट्रोलही शिळं होतं. स्वतःच्या गुडघ्यांची त्याने एवढी काळजी घेतली असती तर!

ह्या गाडीला नाक मुरडणारा माणूस एकच, आणि तो नेमका घरातला. त्याचा थोरला भाऊ. दादा. ती जुनी डिझेल गाडी दादानेच चालवली होती, कंबर धरेपर्यंत. संध्याकाळी ती घरासमोर उभी करायचा आणि किल्ली काढण्याआधी एकदा ॲक्सिलरेटर दाबायचा. घुर्रर्र! आत वहिनी म्हणायची, "आले. आधण ठेवते." शेजारी काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ही गाडी आहे का चोर?" दादा म्हणायचा. "माणसाला शेवटचं न्यायचं ते असं चवड्यांवर? त्याने काय कुणाचं घोडं मारलंय?"

"लोकांना शांतता लागते, दादा."

"लोकांना लागते ना? मला नको. माझ्या वेळी त्या चढावर इंजिन वाजलं पाहिजे. मी कुठवर पोचलो ते तुझ्या वहिनीला कळायला नको?"

"काहीतरीच काय बोलतोस!"

"वाजवशील का, ते सांग."

"बघू," सावकाश म्हणाला.

आता त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी सायकल मागितली की वडील 'बघू' म्हणायचे, आणि दोघे भाऊ शाळा संपेपर्यंत पायी गेले. दादाला हे माहीत नव्हतं थोडंच? तो खिडकीबाहेर बघत बसला. आणि त्याच उन्हाळ्यात एका दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही.

सावकाश मनातल्या मनात स्वतःलाच फैलावर घेत होता. हो म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती? भाऊ आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होता आणि आपण त्याला बापाचं उत्तर दिलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी त्याने ठरवलं की वाजवायचं. मग त्या रात्री गाडी भिंतीला लावायची ती लावलीच नाही. बॅटरी रिकामी असली की चढावर इंजिन सुरू होण्यावाचून गाडीला गत्यंतर नव्हतं.

सकाळी मालकिणीने खुंटीवरची केबल बघितली. "गाडी चार्ज नाही केली?"

"विसरलो."

सावकाश चार्जिंग विसरला, हे ऐकून तिचेच डोळे भरून आले. "असू दे," ती म्हणाली. "घरचंच माणूस गेलंय." खोटं एवढं पचेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी मागच्या गाडीत बसेना. "मी पुढे बसणार, भावोजींच्या शेजारी," ती म्हणाली, आणि बसलीही. गावातून जाताना त्याने राखून ठेवायचं बटण दाबलं नाही. उरलीसुरली वीज बाजारातच संपली, इंजिन सुरू झालं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आता कसं सरळ होतं. उतार, पूल, चढ.

पण पाय! इतक्या वर्षांचा शिकवलेला पाय. लांब उतारावर तो आपला ब्रेकवर अलगद बसला आणि चांगली ओंजळभर वीज गोळा करून मोकळा झाला. पुलावर इंजिन थांबलं. लोक गाडीमागे चालायला लागले आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी चढाला लागली. आरशात मालकीण समाधानाने मान हलवताना दिसली.

आता इंजिन वाजणार कसं? ॲक्सिलरेटर जोरात दाबावा तर मागे दादा, त्याला हिसका बसणार. न दाबावा तर त्या ओंजळभर विजेवर गाडी अशीच फाटकाशी पोचणार, दादाला नको होतं तसंच. निम्मा चढ संपत आला होता. तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा हात पुढे केला आणि हीटर सोडला. पूर्ण.

घुर्रर्र.

बाहेर ऊन असं की डांबराला पाय चिकटत होते. अंगात वर्दीचा काळा कोट. आत गरम वाऱ्याचा लोट. क्षणात तो डोक्यापासून कॉलरपर्यंत निथळायला लागला. बाजूने चालणारी एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "भावासाठी बघ कसा रडतोय बिचारा." रडतही होता, पण त्यातलं कुठलं पाणी कशाचं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"भावोजी," वहिनी म्हणाली, "हा गरम वारा कसला?"

"हीटर आहे, वहिनी."

"ह्या उन्हात?"

"त्याशिवाय इंजिन लागेना. दादाला चढावर आवाज हवा होता. तुम्हाला कळावं म्हणून. मला म्हणाला होता तो." त्याने चेहरा पुसला. "मी बघू म्हणालो."

वहिनीही त्याच घरात नांदलेली. 'बघू'चा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. गरम वाऱ्याची समोरची जाळी तिने स्वतःकडे वळवून घेतली आणि डोळे मिटून बसली. इंजिन वाजत होतं. मालकीण मागून हाताने काहीतरी खुणा करत होती. सावकाशने आरशात बघायचं सोडून दिलं.

फाटकाशी गाडी थांबली. बंद करायच्या बटणापर्यंत त्याचा हात गेला आणि तिथेच राहिला. बंद केलं की झालं, मग दादा कायमचा गेला. त्याच्याने दाबवेना.

शेवटी वहिनीनेच हात लांब करून ते दाबलं. आवाज थांबला. तिने पट्टा सोडला, दार उघडलं, एक पाय खाली टाकला, आणि सवयीने म्हणाली, "आले. आधण ठेवते."

मग ती तशीच बसून राहिली, एक पाय आत, एक पाय बाहेर.

सावकाश उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी आला आणि त्याने हात पुढे केला.

"सावकाश, वहिनी," तो म्हणाला.