चोंगचिंगमध्ये 'खाली' म्हणजे कुठे?

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला, सतीशला, स्टेंट बसवला आणि डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आता मस्कतमध्ये चालायचं कुठे? इथे आम्ही कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी काढतो. "मग अशा ठिकाणी जाऊ, जिथे चालल्यावाचून गत्यंतरच नाही," सतीश म्हणाला, आणि त्याने हिवाळ्याच्या सुट्टीसाठी चीनमधलं चोंगचिंग शोधून काढलं. दोन नद्या, डोंगर, आणि डोंगरावर एकमेकांच्या डोक्यावर उभ्या इमारती. मी एसी वीसवर गेला तरी शाल शोधणारी बाई, पण त्याच्या तब्येतीसाठी हो म्हटलं.

व्हिसाचं काम मस्कतच्या रुवी भागातल्या एजंटने केलं. जाड जॅकेटंही रुवीतच मिळाली. असलं गिऱ्हाईक पाहून दुकानदारच आधी चकित झाला. तुम्ही जाणार असाल तर पैसे भरायचं चिनी अ‍ॅप इथूनच कार्डाला जोडून घ्या, तिकडे रताळी विकणाराही नोट पाहून विचारात पडतो. आणि माणशी एक सिमकार्ड घ्या. आम्ही दोघांत एकच घेतलं होतं. "आपण एकत्रच तर असणार," इति सतीश.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. कुठेही जायचं असलं की सतीश "मी खाली थांबतो" म्हणून पुढे जातो आणि गाडीतून हॉर्न वाजवतो. दोन छोटे, एक लांब. लग्न झाल्यापासून हेच. आमच्या अख्ख्या वादी कबीर वस्तीत असा हॉर्न वाजवणारा हा एकटाच. तळमजल्यावरच्या रत्नागिरीच्या जमीलाचाची मला म्हणतात, "अगो, त्या हॉर्नला बिल्डिंग तयार होऊन खाली येते, तूच तेवढी राहतेस."

तर, चोंगचिंग. विमान बदलून संध्याकाळी पोहोचलो. टॅक्सीने रस्त्यावर सोडलं, समोरच हॉटेलचं दार. लिफ्टमध्ये त्या मजल्याचा आकडा अकरा होता. असेल यांची काही पद्धत, म्हणून मी सोडून दिलं. जेवायला हॉटपॉट घेतला. टेबलावरच उकळणारा रस्सा, त्यात कोबी, मशरूम, टोफू बुडवून खायचे. शाकाहाऱ्यांनी साधा रस्सा मागून घ्यावा. लाल रश्शातल्या, तिरफळासारख्या मिऱ्यांनी सतीशची जीभ अशी बधिर झाली की त्याला बोलताच येईना. लग्नानंतरचं आमचं सर्वांत शांत जेवण.

सकाळी तो म्हणाला, "मी खाली थांबतो." खोलीचं कार्ड आणि सिमवाला फोन घेऊन गेला. मी केस आवरून अकरावर उतरले. तोच रस्ता, तेच दार, सतीश नाही. चहा शोधायला गेला असेल म्हणून थांबले. बराच वेळ थांबले. आधी राग आला, मग तो ओसरला आणि भीती वाटायला लागली. मला दिसत होतं ते एवढंच: जिने, धुकं, आणि कुठल्यातरी पायरीवर छाती धरून बसलेला माझा नवरा. दारातल्या गार्डला खुणांनी विचारलं, उंच माणूस, चष्मा, पोट. तो बोटाने जमीन दाखवत राहिला. मला वाटलं, सतीश पडलाय असं सांगतोय.

तेवढ्यात पलीकडच्या कठड्याखालून, धुक्यातून, आवाज आला. पीं-पीं, पीईं.

मी धावत कठड्याशी गेले आणि सवयीने ओरडले, "आले रे, आले!" बसची वाट पाहणारी सगळी रांग माझ्याकडे वळली. आता खाली पाहिलं तर दहा मजले खाली दुसरा रस्ता, त्यावर दुसरी वाहतूक. या इमारतीला अकराव्या मजल्यावर एक रस्ता आणि पहिल्यावर दुसरा. सतीशने शिस्तीत एकचं बटण दाबलं होतं.

लिफ्टने एकवर पोहोचले. साहेब पिवळ्या टॅक्सीत पुढच्या सीटवर, हातात भाजलेलं रताळं. ड्रायव्हर मन लावून हॉर्न वाजवतोय.

"झालीस का तयार?" सतीश म्हणाला.

"तुला काळजी नाही वाटली?" माझा आवाज फाटला होता.

"कसली? तुला उशीर होतोच. पण आज फारच झाला, मग म्हटलं हॉर्न वाजवावा."

त्याने फोन दाखवला. भाषांतराच्या अ‍ॅपवर त्याने ड्रायव्हरला लिहून दिलं होतं की माझी बायको हॉर्नशिवाय खाली येत नाही. मी आधी पर्सने त्याच्या खांद्यावर एक ठेवून दिली आणि मग तिथेच रडले. ड्रायव्हरने आणखी एकदा हॉर्न वाजवला, बहुधा सांत्वन म्हणून.

बाकीचे दिवस मी त्याच्या जॅकेटचं टोक धरून फिरले. इमारतीच्या पोटातून जाणारी मेट्रो पाहिली, नदीवरच्या रोपवेत बसलो, आणि सतीश इतके जिने चढला की डॉक्टरांनाच दम लागला असता. जाण्यासारखं आहे का? जरूर जा. फक्त भेटायची जागा मजल्यासकट ठरवा.

परत आल्यावर पहिल्याच सुट्टीला रुस्ताकला फिरायला निघालो. सतीश खाली गेला, हॉर्न वाजला. मी पर्स घेऊन दारातच उभी होते, तो आवाज ऐकत. हॉर्न पुन्हा वाजला, तेव्हा जिना उतरले. जमीलाचाची दारात होत्या. "चीनहून बहिरी होऊन आलीस काय गो?"

"ऐकू येतं, चाची," मी म्हटलं.

हल्ली मी पहिल्या हॉर्नच्याही आधी तयार असते. पण दुसरा वाजल्याशिवाय उतरत नाही.