सिग्नलची पाठ

मोखाड्यात हरेशचं घर कुणालाही विचारा, ‘सोंगं करणारा ना?’ असं म्हणत तो माणूस दारापर्यंत आणून सोडील. बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देवांची, राक्षसांची, वाघाची जी सोंगं नाचतात, त्यातली निम्मी हरेशच्या हातची. सावरीचं हलकं लाकूड घ्यायचं, पुढून नाकडोळे कोरायचे आणि मागून पोखरत जायचं, म्हणजे नाचणाऱ्याच्या मानेला ओझं होत नाही. बापाने शिकवलं ते एवढंच, आणि त्यापलीकडे काही शिकायची हरेशने कधी घाई केली नाही. आळशी म्हणवत नाही त्याला, पण माणूस आपल्या चालीचा. अंगणाला आग लागली तरी हा आधी हातातलं नाक पुरं करील, असं त्याची बायको रंजना म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

असल्या माणसाने रेल्वेचे सिग्नल करायला घेतले ते सासऱ्यापायी. या मुलखात रेल्वे नाही. आगगाडी बघायची तर जीपमध्ये कोंबून घेऊन कसारा गाठायचा. सासरा सखा मात्र उभा जन्म रेल्वेत राबलेला. घाटापलीकडच्या एका लहान स्टेशनात तो केबिनमन होता. केबिनीत लोखंडी लिव्हरची रांग. लिव्हर ओढली की तार ताणायची आणि लांबच्या खांबावर सिग्नलचा हात खाली पडायचा. हात आडवा असला की गाडी थांबणार, पडला की निघणार. बायको बायडी मागे गावी, साखरशेतला, भात, नाचणी आणि पोरं सांभाळत. सखा सुट्टीला यायचा, पाठ टेकतो न टेकतो तोच निघायचा. पुढे रंगीत दिवे आले, केबिन पाडली, सखा पेन्शनीत गेला. आता म्हातारपणी त्याच्या डोक्यातून सगळं हळूहळू पुसलं गेलं आणि ती केबिन तेवढी जागेवर राहिली. लक्ष ठेवा, एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले. रंजनाने आईबापांना मोखाड्याला आपल्या घरी आणलं.

आणलं खरं, पण म्हातारा घरात ठरेना. सकाळी चहा घेतला की टोपी चढवायची आणि ड्युटीला निघायचं. कसाऱ्याला जाणारा जीपवाला नवसू ओळखीचा होता. तो सखाला गोड बोलून परत आणून सोडायचा. एके दिवशी नवसूची जीप नव्हती. भर उन्हात सखा खोडाळ्याच्या रस्त्याला लागला. सापडला तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि तळवा भाजून लाल झाला होता. त्याला धुऊनपुसून निजवल्यावर रंजना मोरीत जाऊन रडली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली की बाजारातून कडी आण, बाबाच्या खोलीला बाहेरून लावू.

बायडी तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

‘‘कडी घालशील तर मना बी आतच घाल,’’ ती म्हणाली.

हरेशने कडी आणली, पण लावायचं पुढे ढकलत राहिला. रोज काहीतरी कारण. त्याच्या मनात दुसरंच शिजत होतं. म्हाताऱ्याला केबिनीला जायचंय ना, मग केबिनच घरी आणू. मोबाईलवर जुन्या सिग्नलांचे व्हिडिओ तो बघत बसला; बहुतेक धावत्या गाडीतून काढलेले. हाताची लांबी, खांबाची उंची, सगळ्याचा अंदाज बांधून त्याने लहान मापात उतरवलं. कमरेएवढा खांब, सावरीचा हात, पुढून तांबडा रंग आणि त्यावर पांढरा पट्टा. तारेसाठी सायकलच्या ब्रेकची केबल. लिव्हर सोडली की हात पुन्हा आडवा व्हावा म्हणून मागच्या बाजूला मासे धरायच्या जाळ्याचं शिसं. रंग इतका झकास बसला होता की शेजारच्या वेणूने तो बोहाड्याला निघणार का, म्हणून विचारलं.

ओटीवर सिग्नल मांडून हरेशने म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं. सखाने एक नजर टाकली. टोपी नीट केली, सिग्नलला वळसा घातला आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागला.

हरेशला वाईट वाटलं. लोक सोंगांच्या पाया पडतात, आणि इथे सासऱ्याने चार महिन्यांच्या मेहनतीला ओळखही दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने सिग्नल उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला, माळ्यावरची कडी काढली आणि स्क्रू शोधायला लागला.

तेवढ्यात सखा आतून आला. ड्युटीच्याच तयारीत होता, पण भिंतीपाशी थबकला. उलट्या ठेवलेल्या सिग्नलच्या हातावर त्याने बोट फिरवलं. ती बाजू कोरी होती, पोखरलेली, सोंगाच्या आतल्या बाजूसारखी. मागून कोण बघतो, म्हणून हरेशने तिला कुंचला लावला नव्हता.

‘‘पाठीला रंग कुणी नाय दिला?’’ सखाने विचारलं. आवाजात सुपरवायझरची जरब होती. ‘‘पांढरा पायजे. मधी काळा पट्टा.’’

हरेश म्हणाला, ‘‘मामा, तोंडाला दिलाय ना रंग.’’

‘‘तोंड डायवर बघतो. आपल्याला पाठच दिसते.’’

हरेशने हातातला स्क्रू खाली ठेवला. म्हाताऱ्याने ओळखावं तरी कसं? गाड्या ज्या बाजूने येतात ती बाजू त्याने कधी फारशी बघितलीच नव्हती. केबिनीच्या खिडकीतून त्याला जन्मभर सिग्नलची पाठ दिसली, आणि हरेशच्या हाताला जन्मभर तोंडाचीच सवय. तो खो खो हसत सुटला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. कडी पुन्हा माळ्यावर गेली.

मग जे काम सुरू झालं त्यात सखा मुकादम आणि हरेश बिगारी. नवे हात कोरले, मागून न पोखरता, सपाट. पाठीला पांढरा रंग, मध्ये काळा पट्टा. खांब अंगणाच्या टोकाला रोवले, ओटीकडे पाठ करून. ओटीच्या कडेला लिव्हर बसवल्या: सिग्नलच्या तांबड्या, रूळ फिरवायच्या सांध्याची काळी, सांधा कुलूपबंद करणारी निळी. रूळ नव्हतेच, पण सखाला त्याचं काही अडत नव्हतं. तारा अंगणभर लहान चाकांवरून गेल्या आणि कोंबड्या दोन दिवस त्यांत अडखळून मग शहाण्या झाल्या. हाताच्या घामाने लोखंड गंजतं म्हणून लिव्हर नेहमी फडक्याने धरायची, असा सखाचा दंडक. त्यासाठी बायडीने जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला.

जीपच्या थांब्याचा नाद सुटला. सखा सकाळी टोपी घालून ओटीवर यायचा आणि ड्युटीवर बसायचा. वेणू हंडा घेऊन आली की अंगणाच्या टोकाला उभी राहायची. हात पडल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. सखा गंभीरपणे आधी काळी, मग निळी, मग तांबडी लिव्हर ओढायचा आणि ती गेली की सगळं जागच्या जागी आणायचा. घरात इतकं बरं वाटायला लागलं होतं की रंजना पुन्हा गाणी गुणगुणू लागली.

पण सुख असं निवांत बसू देत नाही. सखा ओटीवर आला तो आता उठेना. दिवस कलला, दिवे लागले, ताट वाढलं, तरी हा लिव्हरपाशीच. बदलीवाला आला नाय, म्हणायचा. चार्ज कुणाकडे न देता केबिन कशी सोडायची? त्याला उचलून आत न्यायला गेलं की दांड्याला गच्च धरायचा. एक-दोनदा बसल्या जागी लवंडला. हरेशने युक्ती केली, टोपी घालून बदलीवाला म्हणून पुढे झाला. सखाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला की तू सुतार, केबिनीत तुझं काय काम. रंजनाचा धीर सुटला. असंच चाललं तर म्हातारा खाल्ल्यावाचून जाईल, हे सगळं काढून टाक, असं ती म्हणाली. काढलं तर पुन्हा खोडाळ्याचा रस्ता आणि मग कडी, हे दोघांनाही कळत होतं.

त्या संध्याकाळी बायडीने चूल आवरली, पदर कमरेला खोचला आणि ओटीवर गेली. सखासमोर उभं राहून तिने हात पुढे केला. त्याने बघितलं. मग लुगड्याचं फडकं तिच्या हातावर ठेवलं. बायडीने फडक्यात धरून काळी ओढली, मग निळी, मग तांबडी. अंगणाच्या टोकाला संधिप्रकाशात सिग्नलचा हात पडला. तिने उलट्या क्रमाने सगळं परत लावलं. इतके दिवस स्वयंपाकघराच्या दारातून ती नुसती बघत होती, असं आपलं सगळ्यांना वाटलं होतं.

‘‘नवी का?’’ सखाने विचारलं.

‘‘नवीच.’’

‘‘कुठली?’’

‘‘सूर्यमाळची,’’ बायडी म्हणाली. तिचं माहेर सूर्यमाळचंच.

सखाचा चेहरा उजळला. ‘‘माझी बायकू सूर्यमाळची. साखरशेताला असते, एकलीच.’’ तो थोडा घुटमळला. ‘‘तुझ्याकडं निरोप दिला तर पोचवशील? तिला सांग, लई वाट बघायला लावली तुला. आता आलो का राहतोच म्हणावं.’’

दाराआड उभ्या असलेल्या रंजनाने तोंडाला पदर लावला. हरेशने मान वळवून अंगणाकडे बघितलं.

‘‘सांगते,’’ बायडी म्हणाली. ‘‘चार्ज घेतला मी. तुमी जा आता.’’

सखा उठला. टोपी काढून खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि ताटावर येऊन बसला. रंजनाने भाकरी वाढली. त्याने घास घेतला नाही. दाराकडे बघत राहिला. थोड्या वेळाने बायडी आत आली आणि चुलीजवळच्या आपल्या जागेवर बसली. तिला बघून तो सरसावून बसला.

‘‘आलो बघ मी,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्या गावच्या पोरीकडं निरोप धाडला होता. पोचला का?’’

‘‘पोचला,’’ बायडी म्हणाली. ‘‘जेवा आता.’’