थुलांचं दार बाहेर उघडतं

लग्न होऊन मी बोरगावला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासरच्या दारानं माझ्या कपाळाला टेंगूळ आणलं. डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन मी ओट्यावर उभी, आणि नेमकं त्याच वेळी सासूबाईंनी आतून दार उघडलं. आमचं दार बाहेर उघडतं. नव्या सुनेला हे आधी सांगावं, एवढं त्या घरात कुणाला सुचलं नाही. मी भिजले, कपाळ सुजलं, आणि सगळं घर पोट धरून हसत बसलं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, दार असं उफराटं कुणी बसवलं ते तरी सांगा. सासूबाईंनी शांतपणे मामंजींकडे बोट दाखवलं.

माझे सासरे तानबा थूल म्हणजे हट्टाचा डोंगर. वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाचे बोजे उचलायचे. आमच्या वस्तीत तेव्हा एकजात मातीच्या भिंती आणि दाराच्या जागी पऱ्हाटीच्या काड्यांची ताटी. मामंजींनी ठरवलं, आपलं घर विटांचं. नवरा-बायकोनं नाल्याकाठी माती तुडवली, विटा पाडल्या, तिथेच भट्टी लावली. एक वीट दुसरीसारखी नाही. पण मामंजी त्या विटांकडे अशा कौतुकानं बघायचे, की पोटच्या पोरांकडेही कधी बघितलं नसेल.

सासूबाईंना, म्हणजे पंचफुलाबाईंना, विटांचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, "मले बाकी काई नाई पाह्यजे. मले आतून लागनारी कडी पाह्यजे."

याला कारण होता बंडूजी, गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा कारभारी. कायद्यानं मालगुजारी केव्हाच गेली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मनात आलं की बंडूजी सकाळीच वस्तीत शिरायचा, न हाक मारता पायानं ताटी उडवायचा आणि थेट आत डोकावून म्हणायचा, "तानबा, चाल, वाड्यावर लाकडं फोडाची आहेत." आत बाई न्हात असो की लेकराला पाजत असो, त्याला काय त्याचं? एकदा सासूबाई न्हात असताना तो असाच आत आला होता. गोष्ट सांगताना सगळ्या ठिकाणी हसणाऱ्या सासूबाई एवढ्या जागी हसत नाहीत.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाया भरला. गवंडी होता नत्थू, वस्तीबाहेरचा, पण मामंजींचा दोस्त. कामात पक्का आणि रीतिभातीत त्याहून पक्का. पायव्याला त्यानं नारळ फोडला, निम्मं खोबरं स्वतः खाल्लं आणि कामाला लागला. ओटा झाला, पावसाळ्यात काम थांबलं. मग छप्पनचा दसरा आला. आमची सगळी वस्ती पांढरी कापडं लेवून नागपूरला गेली आणि बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन परतली. परत येऊन बघतात तर नत्थू ओट्यावर चौकट टेकवून बसलेला.

"नारळ आना," नत्थू म्हणाला. "हळद-कुंकू आना. चौकटीची पूजा झाल्याबिगर मी हात लावत नाई."

"आता पूजा नाई," मामंजी म्हणाले. "नारळ पाह्यजे तं देतो. चटणी करून खा."

"पायव्याले चालला नारळ, अन् चौकटीले काऊन नाई?"

"पायवा जुन्या धर्मात भरला. चौकट नव्या धर्मात बसन."

नत्थूनं करणी धुतली, पिशवीत घातली आणि तो चालता झाला. दोघंही आपल्या जागी बरोबर होते, हेच तर दुखणं! बरोबर असलेल्या दोन पुरुषांमध्ये बाईची कडी अडकून पडली. सासूबाई धुसफुसल्या, तेव्हा मामंजी म्हणाले, "त्यात काय एवढं? मी बसवतो."

वस्तीतले चार बाप्ये जमले आणि चौकट उभी केली. चौकटीला एका अंगानं खाच असते, तिच्यात दाराच्या फळ्या टेकतात. ती खाच आत करायची की बाहेर, हा प्रश्न निघाला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कुणाला माहीत असणार? जन्मात कुणाच्या घराला दार नव्हतं. दुसऱ्यांच्या घरात आम्हाला शिरकाव नव्हता, मग त्यांची दारं निरखणार कुठून?

मामंजींनी मात्र दार पाहिलं होतं. "आमच्या जिनिंगच्या गोदामाचं दार बाहेर उघडते," ते छातीठोक म्हणाले. "एवढा मोठा शेठ काय खुळा आहे?" गोदामात दारापर्यंत कापूस भरतो म्हणून ते दार बाहेर उघडतं, हे त्यांना कोण सांगणार! खाच बाहेर गेली. मग हिवाळाभर मामंजींनी भिंतीही स्वतःच रचल्या. त्या आजही किंचित झुलल्यासारख्या दिसतात. वर कवेलू चढले. शेवटी सुतार आला, खाच बघून डोकं खाजवलं, पण "मले काय करा लागते?" म्हणत त्यानं फळ्या लावल्या, आतून कडीही ठोकून दिली.

सासूबाईंनी पहिल्यांदा कडी लावली आणि त्या दाराला पाठ टेकून बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग कडी काढून दार उघडलं, तर ते ओट्यावर बसलेल्या मामंजींच्या पाठीत बसलं.

बातमी नत्थूपर्यंत जायला वेळ लागला नाही. तो आला, पाहिलं, आणि रागच विसरला. "उफराटी चौकट! अगा, लोक मलेच हासतीन. उद्या सकाळी पहार घेऊन येतो अन् सरळ करून देतो. नारळ नको, काई नको." मामंजींनी तोंड पाडलं. सासूबाईंनी लगेच होकार दिला. भिंत फुटली तरी चालेल, पण चारचौघांसारखं दार हवं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी नत्थूच्या आधी बंडूजी आला.

सासूबाई नुकत्याच पाणी भरून आल्या होत्या. दार लोटलेलं होतं, आणि ज्या कडीसाठी एवढा जीव टाकला, ती लावायचीच राहिली होती. बाहेर बंडूजीची चाहूल लागली तशा त्या कडीकडे धावल्या, पण उशीर झाला होता. बंडूजीनं सवयीप्रमाणे पाय उचलला आणि दाराला लाथ घातली.

दार हललं नाही. फळ्या चौकटीवर टेकलेल्या, त्या आत जाणार कुठे? बंडूजीच्या अंगठ्यानं मात्र चांगलाच आवाज केला.

सासूबाईंना जे कळायचं ते त्या क्षणी कळलं. त्यांनी पदर सारखा केला आणि आतून म्हणाल्या, "मांगं सरा, बंडूजी. दार बाहेर उघडते."

आणि त्यांनी दार ढकललं. बंडूजी मागे सरला. दार येतच राहिलं, म्हणून आणखी सरला, आणि एका पायावर लंगडत पायरीच्या खाली जाऊन उभा राहिला. खालून वर बघत त्यानं विचारलं, "तानबा... घरी आहे का?"

"आहेत. जेवून राह्यले. काय काम होतं?"

"काई नाई. असाच आलतो."

तो गेला. सासूबाई उंबऱ्यावर बसून इतक्या हसल्या की शेवटी त्यांना रडू फुटलं, आणि मामंजी हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात नत्थू पहार घेऊन हजर. "कुठून फोडू, वहिनी?"

"चहा घ्या भाऊजी, अन् पहार घरी न्या. चौकटीले हात नोका लावू."

"काऊन?"

सासूबाईंनी सगळं सांगितलं. नत्थूनं दार लोटलं, बाहेरून आधी हातानं, मग खांद्यानं रेटून पाहिलं. मग त्यानं त्या खाचेवरून बोट फिरवलं.

"माह्या हातानं बसवली असती," तो म्हणाला, "तं तो आत आला असता."

मग त्यानं चहा घेतला आणि पहार खांद्यावर टाकून घरी गेला.