घोडेस्वाराची मागची बाजू

ही गोष्ट मी आजवर टाळली. घरात जुन्या नाण्यांचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचो. जिच्यावर आळ आला ती बाई आळ घेऊनच गेली, म्हणून आता लिहितो.

नव्वदच्या दशकात मी तिसगावात पोस्टमास्तर होतो. एका शेतकऱ्याच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली होती. भावकीत ते थोरलं घर. चंपाषष्ठीला सगळी भावकी तिथे तळी उचलायला जमायची. देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या चांदीच्या टाकापुढे पाच पुरुष ताट उचलून येळकोट करायचे. तो मान पिढीजात त्यांचा.

एकदा सणाआधी वहिनी, म्हणजे घरमालकाची बायको, चिंचेने देव घासत बसल्या होत्या. मला नाणी जमवायचा नाद. मी म्हणालो, "वहिनी, हा टाक एवढा जाड आणि गोल कसा?"

त्या हसल्या. "तुमच्यापासून काय लपवायचं, भाऊजी? पर कुनाला बोलू नका." आणि त्यांनी देव उलटा केला. मागे इंग्रज राजाचा चेहरा होता.

घरमालकाच्या आजोबांना पलटणीतल्या साहेबाने ते नाणं दिलं होतं. एका बाजूला घोडेस्वार, हातात तलवार, टापांखाली राक्षस. आजोबांना त्यात खंडोबाच दिसला आणि त्यांनी तो देव्हाऱ्यात बसवला. घरच्यांना मागची बाजू ठाऊक होती, भावकीला नव्हती.

"राजा पालथा झोपलाय," वहिनी म्हणाल्या. "झोपू द्या त्याला."

मला राहवेना. मी पातळ कागद आणला. वहिनींनी नाणं दाबून धरलं आणि मी पेन्सिल घासून दोन्ही बाजू उतरवून घेतल्या. काठावरची अक्षरं भंडाऱ्याने बुजली होती, ती काडीने मोकळी केली. खोलगट होती.

"कशाला वो एवढं?"

"नुसतं ओळखायचंय. कुणाला कळणार नाही."

नगरला एक नाण्यांचे जाणकार गृहस्थ होते. मला जे काही कळत होतं ते त्यांनीच शिकवलेलं. रविवारी एसटीने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद भिंगाखाली धरला.

"एकोणीसशे पस्तीस. राजाला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली, तेव्हाचं स्मारक-नाणं. क्राउन, म्हणजे इंग्रजांचं पाच शिलिंगांचं नाणं. काठावरची अक्षरं कशी आहेत? वर उठलेली असती तर दुर्मीळ."

"खोलगट."

"मग नेहमीचं. आणि चिंचेने घासतात म्हणता? तुमच्या चिंचेने त्याची किंमत खाल्ली. चांदीचे येतील तेवढेच."

माझा चेहरा पडला असावा. मग त्यांनी विचारलं, "पण हे देव्हाऱ्यात कसं आलं?" नाण्याने नाही तर निदान त्याच्या गोष्टीने तरी त्यांचे डोळे चमकावेत, म्हणून मी गाव, घर, तळी, सगळं सांगितलं. कागदही त्यांच्याकडेच राहिला. "माझ्या अभ्यासापुरतं," ते म्हणाले. "शब्द बाहेर जाणार नाही."

चंपाषष्ठीच्या तोंडावर तो शब्द त्यांनीच पेपरात छापून आणला. 'तिसगावचा गोरा खंडोबा' असा विनोदी लेख, गावाच्या आणि थोरल्या घराच्या उल्लेखासकट, आणि मध्ये माझ्या पेन्सिलीने उतरवलेला राजा. मी तसाच नगरला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो, तुमचं नाव कुठे घातलंय? उलट आभार माना." मी ज्यांना गुरू मानलं त्यांच्या दारातून त्या दिवशी चहा न घेता निघालो. पुन्हा गेलो नाही.

तिसगावात परतलो तर भावकी ओट्यावर जमलेली.

"काय रं, इतकी वर्सं आमाला सायबाच्या पाया पडायला लावलं व्हय?" एक चुलता म्हणाला.

"येळकोट बी इंग्रजीत म्हनायचा हुता मंग!" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. त्या वर्षी तळी धाकट्या घरी गेली.

घरमालक ओट्यावरून उठले. आत येऊन बायकोवर उसळले. "देव घासायला तुझ्याच हातात असतो. माहेरच्या कुनाला दावलास?"

मी उंबऱ्यात उभा होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं असतं, तर भाडेकरूच्या कागदाखाली आपणच देव पालथा दाबून धरला हेही सांगावं लागलं असतं. "म्या न्हाई सांगितलं," एवढंच त्या म्हणाल्या.

फसवलं गेल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते मी सकाळपासून स्वतःवरून ओळखून होतो. आता वहिनींचं तेच तोंड समोर होतं. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या हो, पेपरवाले काहीही छापतात."

त्यानंतर वहिनींना देव्हाऱ्याला हात लावू दिला नाही. देव घरमालक स्वतः घासायचे, तेही नीट जमायचं नाही. वहिनी लांबून बघायच्या. माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. उन्हाळ्यात माझी बदली झाली.

बऱ्याच वर्षांनी मुद्दाम तिसगावला गेलो. घरमालक रानात गेले होते. वहिनींनी चहा केला. मी म्हणालो, "वहिनी, त्या वेळी..."

"साखर कमी झाली का, भाऊजी?"

"नाही. बरोबर आहे."

चहा संपला. त्या कप घेऊन आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, आणि मी गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. परवा त्या गेल्याचं कळलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: वहिनी, बाहेर बोललो तो मी, आणि उंबऱ्यात गप्प राहिलो तोही मीच. मला माफ करा.