पंधरावी सही

वडीगोद्रीच्या आमच्या वाचनालयाचा मी अकरा वर्षं सचिव होतो. दरवर्षी सर्वसाधारण सभेची नोटीस मीच काढायचो आणि तिच्या तळाशी ठरलेलं वाक्य टाकायचो: गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होईल व त्याच ठिकाणी पुन्हा भरेल, त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. सभासद पंचेचाळीस, गणपूर्ती पंधराची. सभा चारची असली की चारला अध्यक्ष, मी आणि एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणत, एवढेच हजर. बाकीची मंडळी हायवेपलीकडच्या हॉटेलात चहा पीत बसायची आणि साडेचारला रमतगमत यायची. कुणाला त्यात गैर वाटत नसे. मलाही नाही.

त्या वर्षी विषय होता पुढच्या खोलीचा. बाई तिथे सकाळी सहा ते दहा स्पर्धा परीक्षेच्या मुलींना बसवायच्या. वीसेक मुली यायच्या. घरी अभ्यासाला कोपरा नसलेल्याच जास्त. खोलीचं दार हायवेवर उघडायचं, म्हणून उपाध्यक्षांना ती आपल्या भावाच्या खतबियाण्याच्या दुकानाला द्यायची होती. बाई दोन आठवडे घरोघर फिरल्या. निम्म्याहून जास्त सभासद त्यांच्या बाजूचे झाले. जे चौघं बाहेरगावी जाणार होते, त्यांच्याकडून त्यांनी चिठ्ठ्या लिहून घेतल्या: माझं मत बाईंना.

सभेच्या दिवशी चारला दहा कमी असताना दोन जीप येऊन थांबल्या. उपाध्यक्ष आणि त्यांची अकरा माणसं उतरली. सगळे रीतसर सभासद, पण वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेले. एका जीपवर त्या भावाच्या दुकानाचं नाव होतं. सगळ्यांनी गुपचूप सह्या केल्या. अध्यक्षांची आणि माझी धरून चौदा झाल्या. काय चाललंय ते मला तेव्हाच कळलं. खिडकीतून हॉटेल दिसत होतं, आमची माणसं बशीत चहा ओतत होती. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. पण मी पडलो सचिव, आणि सचिवानं कुणाची बाजू घेऊ नये हा माझा जुना तोरा.

चारला दोन मिनिटं कमी असताना बाई आल्या. भरलेल्या खुर्च्या बघून त्यांचा चेहरा खुलला. आपल्या फिरण्याचं फळ, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी विचारलं, "किती झाले?"

"चौदा," मी म्हणालो.

"यंदा तरी सभा बराबर वेळेवर होऊन राह्यली," असं म्हणून त्यांनी पेन मागितला. मी दिला. आमच्याकडे गणपूर्ती सह्यांवर मोजतात. पंधरावी सही त्यांची झाली आणि उपाध्यक्षांनी चारच्या ठोक्याला सभा सुरू करायला सांगितलं.

बाकीचे विषय पाच मिनिटांत उरकले. खोलीच्या ठरावाला बाईंनी चिठ्ठ्या पुढे केल्या. उपाध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या वतीनं मत देता येणार नाही, हा नियम मीच आणला होता; पूर्वी एक सभासद सहा भावांच्या चिठ्ठ्या खिशात घालून यायचा म्हणून. मी तो वाचून दाखवला. बारा विरुद्ध दोन, अध्यक्ष तटस्थ. दोनांत एक हात माझा होता, पण तो फार उशिरा वर गेला होता.

साडेचारला आमची मंडळी हसतखिदळत आली. वरातीमागून घोडं. सभा संपली म्हटल्यावर त्यांना आधी चेष्टाच वाटली. मग बरीच वादावादी झाली. एकानं तर मलाच फितूर ठरवलं. पण नोटिशीत वेळ चारचीच होती. हळूहळू सगळे पांगले.

बाई चिठ्ठ्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मी वही बंद केली तेव्हा त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "माझी सही नसती तर?"

"साडेचारला भरली असती. सगळ्यांसमोर."

"हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग पेन कामून दिला?"

"तुम्ही मागितला म्हणून," मी म्हणालो. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि ते बोलताना मला माझीच लाज वाटली.