खालची कडी

लल्ला बतूल परातीत रव्याचं पीठ मळत होती. डोकं उघडं, बाह्या कोपराच्या वर. तेवढ्यात दारावरची खालची कडी वाजली.

मोरोक्कोतल्या फेज शहराच्या जुन्या गल्ल्यांत दाराला दोन कड्या. वरची जड, परक्यांची. खालची हलकी, घरच्यांची. डोक्यावर रुमाल घ्यायचा की नाही, ते बाई आवाजावरूनच ठरवते. बतूलने तशीच जाऊन अडसर काढला.

दारात भाचा तौफिक, आणि त्याच्यामागे कासाब्लांकाचा कुणी अनोळखी शेठ. तिने पिठाच्या हातानेच रुमाल ओढला.

"आत्या, हे घर नुसतं बघायला आलेत."

"बघू देत की. बघायला काय, लोक चंद्रही बघतात."

अंधारी वाकडी वाट ओलांडून शेठ अंगणात आला. लिंबाचं झाड, कारंजं, देवदारी छत, सगळं त्याला पसंत पडलं. अडला तो फरशीशी. "मध्येच हा विजोड पट्टा? उखडावा लागेल."

"तिथे भिंत होती," बतूल म्हणाली.

घर बांधलं तिच्या पणजोबांनी, रेशीम विणून. त्यांच्या मुलांचं फाटलं आणि अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे चूल. शेवटी बतूलच्या आजीने एका सकाळी स्वतःच कुदळ घातली आणि मिळतील त्या फरशा बसवल्या. पुढे वडिलांमागे भावाला दोन वाटे आले, बतूलला एक. भाऊ गेला, त्याचे वाटे आता तौफिकचे. पण बतूलच्या सहीशिवाय शेठ घराला हात लावणार नव्हता.

"तुझे वाटे तू खुशाल वीक," ती तौफिकला म्हणाली. "फक्त घरातला माझा वाटा कुठला, ते यांना दाखव. कारंज्याचं पाणी, की जिन्याचा कठडा?"

शेठ छताकडे बघत राहिला.

"आत्या, वरची तुळई वाकलीय. एक दिवस अंगावर येईल."

"येऊ दे. माझ्याच अंगावर येईल ना? टेकू मी लावलेत, चुना मी काढते. तू ईदला येतोस, तेही जेवायला."

"मी पुन्हा आणीन कुणालातरी."

"आण. दहा जणांना आण. सही मिळणार नाही." तिने हातावरचं पीठ खरवडलं. "एवढंच कर, बाळा. परका बरोबर असला की वरची कडी वाजव."