मागची गाडी

नव्वद सालची गोष्ट. इंदापूरच्या एसटीत शेजारच्या सीटवरची बाई तिच्या दोन पोरांना बाटलीच्या झाकणानं पाणी पाजत होती.

कंडक्टर म्हणाला, "ताई, शेजारनं कालवा वाहतोय, पाजा की पोटभर!"

"सवय लागलीय, दादा. लढाईत कुवेतातनं पळालो, तवा वाळवंटात असंच पाजलं."

मी घराण्यातला पहिला बी.ए. लढाईच्या बातम्या गावाला मीच वाचून दाखवायचो. विचारलं, "मालक कुठं हायत?"

"ट्रकात बायका-पोरांनाच घेतलं. मागच्या गाडीनं येतो म्हनले. महिना झाला."

तिचं गाव अंथुर्णं आलं तशी ती उठली. माझ्या मांडीवरचा पेपर बघून म्हणाली, "तुमी शिकलेलं दिसताय. त्या मागच्या गाडीचं काय आलंय का वो त्यात?"

पेपर मी सकाळीच वाचला होता. तरी कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत तिच्यासमोर एकेक पान परत उलटत राहिलो.